स्वहस्ते की परहस्ते?

"डॉक्टर, यंदाच्या गणेशोत्सवाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहाच," असा संपादकांचा फोन आला तेव्हा मी आमच्या गॅरेजमध्ये, गाडीच्या डिकीत अर्धा आत आणि अर्धा बाहेर अशा अवस्थेत होतो. हाताला काळे तेल लागलेले आणि तोंडात टॉर्च धरलेला. "मधुमेहावर लिहा, नाहीतर रक्तदाबावर," असेही त्यांनी सुचवले. दरवर्षी मी तेच लिहितो, आणि आपण सगळे ते वाचून महाप्रसादाला आणखी एक मोदक घेतो. म्हणून यंदा विषय बदलतो. विषय दिसायला गाडीच्या टपाचा आहे, पण त्याने मला गेला उन्हाळाभर झोपू दिले नाही, आणि त्याचे कारण गाडी नव्हती.

पन्नाशीला मी एक जुनी, दोन सीटची कन्व्हर्टिबल गाडी घेतली. २००५ चे मॉडेल, टप कापडाचा, बटण दाबले की आपोआप उघडणारा. सौ.ने त्याला "वानप्रस्थातला पोरकटपणा" असे नाव दिले. तिचे चूक नव्हते. मिशिगनमध्ये टप उघडून फिरण्याचे दिवस ते किती! मे महिन्यापासून फार तर ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत. उरलेले सगळे महिने गाडी झाकून ठेवायची. तरीही दवाखान्यातून संध्याकाळी घरी येताना डोक्यावर मोकळे आकाश असले की, दिवसभराची सगळी आजारपणे मागे उडून जातात असे वाटायचे.

गेल्या ऑगस्टमध्ये एका संध्याकाळी पाऊस भरून आला म्हणून मी बटण दाबले. टप अर्धा वर आला, एकदा कण्हला आणि तिथेच थांबला. पाऊस मात्र थांबला नाही. कचऱ्याच्या काळ्या पिशव्या आणि चिकटपट्टी लावून मी आणि चिरंजीवांनी कशीबशी गाडी झाकली.

कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपने ३,८०० डॉलर सांगितले. गाडीची किंमतच सात-आठ हजार! थोडे वाचन केल्यावर बिघाड समजला. अशा टपाला एक छोटी विजेची मोटर आणि तिला जोडलेला पंप असतो. पंप नळ्यांतून तेल दाबतो आणि दोन बाजूंचे दोन दट्टे लोखंडी सांगाडा उचलतात. मोटर एका दिशेला फिरली की टप उघडतो, उलट फिरली की मिटतो. कापडावरून ओघळणारे पावसाचे पाणी मागच्या पन्हळीत जमते आणि दोन रबरी नळ्यांतून गाडीखाली जाते. या नळ्या मेपलच्या पानांच्या चोथ्याने तुंबल्या की पाणी आत साठते. माझ्या गाडीत मोटर नेमकी त्या सर्वांत खोल कोपऱ्यात बसवलेली, म्हणजे ती पाण्यात बुडून गंजणारच. जुन्या गाडीतून काढलेली चांगली मोटर चारशे डॉलरला मिळत होती. पण तिथपर्यंत हात पोचायचा तर टपाची मागची कड सोडवायची, आतले अस्तर उतरवायचे आणि सांगाडा अर्धवट उचलून धरायचा. काम होण्यासारखे होते, बिघडण्यासारखेही होते.

तर प्रश्न असा : हे काम मी स्वतः करावे की नाही?

सौ.चे म्हणणे सरळ होते. "तू जितके तास त्यात घालवशील, तितके तास दवाखान्यात बसलास तर टप दोनदा नवीन येईल." हिशेब बरोबर होता. पण तोच हिशेब लावायचा तर मी भाजी चिरू नये, मुलाला गणित शिकवू नये आणि देवळात चपला लावायच्या सेवेलाही उभे राहू नये. पैसे वाचवणे हे माझे खरे कारण नव्हते. सबब होती ती.

खरे कारण दापोडीत होते. माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, पुण्याजवळच्या दापोडीला एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. तीस वर्षे त्यांनी बसगाड्या खोलल्या आणि जोडल्या. संध्याकाळी घरी आले की रॉकेलने आणि मग साबणाने हात धुवायचे, तरी नखांतली काळी रेघ कधी गेली नाही. मी लहानपणी त्यांच्या पान्यांना हात लावायला गेलो की ते पाना काढून घ्यायचे. "हे तुझं काम नाही. तू पुस्तकाला हात लाव." मी पुस्तकाला हात लावला, बी. जे. मेडिकलला गेलो, १९९१ साली एम.बी.बी.एस. झालो आणि १९९४ मध्ये इकडे आलो. दादांची इच्छा पूर्ण झाली. पण त्यांच्या हातात जे होते ते माझ्या हातात कधी आले नाही. २०११ साली ते गेले, तेव्हा त्यांचे पाने भावाने कोणाला तरी देऊन टाकले. अर्ध्यावर अडकलेल्या त्या टपासमोर उभे राहून मला आधी पाने आठवले आणि मग पैसे.

आता आपल्याकडे कुठलाही प्रश्न पडला की गीतेकडे वळायची सवय आहे. परधर्म कितीही चांगला आचरता आला तरी आपला उणा स्वधर्मच श्रेयस्कर, हा विचार गीतेत तिसऱ्या आणि अठराव्या अशा दोन्ही अध्यायांत येतो. आमचे एक स्नेही हाच दाखला देऊन म्हणाले, "तुम्ही डॉक्टर, तुमचा धर्म औषध देणे. पाना मेकॅनिकच्या हाती शोभतो." मी म्हणालो, "अहो, हा अर्थ असाच धरला तर फिटरच्या मुलाने फिटरच व्हायला हवे होते. मग तुमचा रक्तदाब कोणी तपासला असता?" जन्माने काम ठरवण्यासाठी त्या वचनाचा पिढ्यान्‌पिढ्या वापर झाला आहे, हे आपण प्रामाणिकपणे मान्य करू या. त्यातून मला घेण्यासारखे एवढेच वाटते, की दुसऱ्याचे काम आपल्याला सहज जमेल असे समजणे हा अहंकार आहे.

सुश्रुताचा सल्ला मला जास्त उपयोगी वाटला. सुश्रुतसंहितेत 'योग्या' म्हणजे हाताच्या सरावाबद्दल एक स्वतंत्र अध्याय आहे. माणसावर शस्त्र चालवण्याआधी कोहळा, दुधी, कलिंगड, काकडी यांच्यावर कापण्याचा सराव करावा, आणि टाके घालायचे तर आधी कापडाच्या किंवा मऊ कातड्याच्या कडांवर घालून पाहावेत, असे तो सांगतो. ज्याला नुसते शास्त्र येते किंवा नुसती कृती येते, तो एका पंखाच्या पक्ष्यासारखा, असेही तो म्हणतो. मी स्वतःकडे पाहिले. महिनाभर वाचून शास्त्र झाले होते, कृती शून्य. म्हणजे एकच पंख, आणि तोही छापील!

उलट बाजूचे उदाहरण आम्हा डॉक्टरांना फार आवडते. १९६१ साली अंटार्क्टिकावरच्या सोव्हिएत तळावर लिओनिद रोगोझोव नावाच्या सत्तावीस वर्षांच्या सर्जनला अपेंडिक्स सुजल्याचे लक्षात आले. तळावर दुसरा डॉक्टर नव्हता आणि बाहेर जाण्याचा मार्ग नव्हता. त्याने जागा बधिर करून, सहकाऱ्यांना आरसा आणि हत्यारे धरायला सांगून, स्वतःचे अपेंडिक्स स्वतः काढले, आणि तो जगला. मी ही गोष्ट चिरंजीवांना मोठ्या अभिमानाने सांगितली. त्याने विचारले, "बाबा, पण आपल्याकडून गॅरेज दहा मिनिटांवर आहे ना?" रोगोझोवचे धैर्य मोठे होतेच, पण त्याच्यापुढे दुसरा पर्यायच नव्हता. पर्याय असताना तेच करणे याला धैर्य म्हणावे का? अमेरिकन मेडिकल असोसिएशनची नीतिसंहिता तर सांगते, की डॉक्टरने सहसा स्वतःवर आणि जवळच्या नातेवाइकांवर उपचार करू नयेत. ज्ञान कमी पडते म्हणून नव्हे, तर माया आणि अहंकार डोळ्यांवर येतात म्हणून.

शेवटी मी त्या दहा मिनिटांवरच्या गॅरेजमध्ये गेलो. मालक सत्तरीचा, मूळचा लेबनॉनचा. मी बरोबर माझी वही नेली होती. टप कधी कण्हला, कधी हळू चालला, आदल्या दिवशी पाऊस होता का, हे सगळे मी तारीखवार लिहून ठेवले होते. डॉक्टरचा स्वभाव! मला वाटले तो हसेल. पण त्याने हात पुसले, चष्मा लावला, स्टुलावर बसला आणि दोन्ही पाने शेवटपर्यंत वाचली. मग म्हणाला, "पावसानंतर हळू आणि चार कोरड्या दिवसांनी बरा. म्हणजे पाणीच. तुम्ही माझा अर्धा दिवस वाचवलात."

मी सांगितले, की काम मला स्वतः करायचे आहे. तो रागावला नाही. त्याने एकच प्रश्न विचारला, "नवी मोटर बसवल्यावर नळीतून तेल झिरपतेय असे वाटले, तर जागा कशी शोधाल?"

मी म्हणालो, "नळीवरून बोट फिरवून."

तो माझ्याकडे बघत राहिला. "आणि तुम्ही डॉक्टर?"

मला घाम फुटला. दाबाखालचे तेल सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातूनही कातडी भेदून बोटात शिरू शकते. बाहेरून नुसता एक ठिपका दिसतो, दुखतही नाही फारसे, आणि आत बोट नासत जाते. ही तातडीने शस्त्रक्रिया करण्याची अवस्था आहे, हे मी परीक्षेसाठी पाठ केले होते. पण ते ज्ञान माझ्या डोक्यात 'सर्जरी'च्या कप्प्यात होते, 'गाडी'च्या कप्प्यात नव्हते. तो म्हणाला, "पुठ्ठ्याचा तुकडा फिरवा. हात नाही. आणि पहिल्यांदा बटण दाबाल तेव्हा सांगाड्याजवळ कोणी उभे राहायचे नाही. नळ्यांत हवा असते. आधी काहीच हलत नाही, मग एकदम झटका बसतो."

घरी परतताना मला गाडीचा विचार सुचेना. मला माझा एक पेशंट आठवत होता. निवृत्त गृहस्थ, नीटनेटके. रक्तदाबाची दुसरी गोळी सुरू केल्यावर ते दोन महिन्यांनी आले, ते अशीच एक वही घेऊन. रोज सकाळ-संध्याकाळचे आकडे आणि शेजारी बारीक अक्षरात 'उठताना चक्कर'. "मला वाटते ही गोळी मी अर्धी करावी," ते म्हणाले. माझ्या बाहेर आणखी चार पेशंट थांबले होते. मी वही उघडलीसुद्धा नाही. हसून म्हणालो, "डॉक्टरकी माझ्यावर सोडा." त्यांनी सोडली. तीन आठवड्यांनी सकाळी न्हाणीघरात ते पडले आणि मनगट मोडले. नंतर ती वही मी वाचली. गोळी कमी करण्याचे कारण तिच्यात स्पष्ट लिहिलेले होते. कोणी तक्रार केली नाही, त्यांनीही नाही. ते फक्त पुढच्या वेळी वही न आणता आले.

त्या लेबनीज म्हाताऱ्याने दहा मिनिटांत माझ्या वहीला जो मान दिला, तो मी त्या गृहस्थांना दिला नव्हता. स्वतः करू पाहणाऱ्याचा अहंकार मला दिसत होता, कारण तो माझ्याच अंगात होता. पण 'माझ्यावर सोडा' म्हणणाऱ्या जाणत्याचाही एक अहंकार असतो. तो तीस वर्षांत मला दिसला नव्हता, कारण त्याला आम्ही अनुभव म्हणतो.

मग मी स्वतःला तीन प्रश्न घातले. पहिला : चुकले तर परत पहिल्यासारखे करता येईल का? दादा म्हणायचे, "खोलणं कोणालाही येतं, बसवताना माणूस कळतो." दुसरा : चुकीची किंमत कोण मोजणार? आणि तिसरा : मला हे का करायचे आहे? तिसऱ्याचे उत्तर देणे सर्वांत जड गेले. मला टप दुरुस्त करायचा होताच, पण त्याहून दादांना काहीतरी दाखवायचे होते. तेही ते गेल्यावर चौदा वर्षांनी.

तिन्ही उत्तरे बघून ठरवले, की मोटर मी बदलीन. नट-बोल्टचे काम, चुकले तर पुन्हा खोलता येईल, आणि नुकसान झाले तर माझेच. असे मला वाटले.

चार शनिवार लागले. चिरंजीव मदतीला होते. प्रत्येक स्क्रू वेगळ्या पुडीत, पुडीवर नाव आणि पायरीगणिक फोटो. तुंबलेल्या नळ्यांतून कुजक्या पानांचा काळा चोथा निघाला तेव्हा दोघांनाही फार समाधान वाटले. चौथ्या शनिवारी मोटर बसली. मी सीटवर बसलो, बटण दाबले. काहीच हलले नाही. पुन्हा दाबले. आवाज आला, पण टप ढिम्म. "अडकलंय का बघतो," म्हणून चिरंजीवांनी सांगाड्याच्या सांध्यात हात घातला, आणि त्याच क्षणी टप झटक्याने हलला. त्याने हात मागे घेतला. बोटे वाचली. किती अंतराने, ते मी त्याला अजून विचारलेले नाही.

मी बटण सोडून तसाच बसून राहिलो. जवळ उभे राहायचे नाही, हे म्हाताऱ्याने मला सांगितले होते. ते मी वहीत लिहूनही ठेवले होते. मुलाला सांगायचे मात्र राहून गेले. "नुकसान झाले तर माझेच" हे माझे उत्तर किती खोटे होते! आपण 'स्वतः' काही करतो म्हणतो, तेव्हा टॉर्च कोणीतरी धरलेला असतो, सांगाडा कोणीतरी उचललेला असतो आणि आत कोणीतरी जेवायला खोळंबलेले असते. एकट्याची जोखीम असे काही घरात नसतेच. चिरंजीव हसत म्हणाले, "बाबा, काही झालं नाही." दवाखान्यात हे वाक्य मी रोज ऐकतो. काही न होणे आणि काही न चुकणे यांतला फरक मला तिथे कळतो, घरी मात्र कळायला चार शनिवार लागले.

मोटर चालू लागली होती. पण कड सोडवताना मागच्या काचेच्या कोपऱ्याजवळची जुनी शिवण वीतभर उसवली होती. आता खरा मोह आला. टाके तर मला येतात! सुई-दोरा घरात, कापड समोर, आणि सुश्रुतानेसुद्धा कापडावरच सराव सांगितलेला. पण ते कापड साधे नव्हे. बाहेरचा थर, मध्ये रबर आणि आत पुन्हा कापड, आणि मिटल्यावर सगळे ढोलाच्या कातड्यासारखे ताणलेले. ताण चुकला तर जानेवारीच्या थंडीत आखडून शेजारून फाटणार. तिथे पहिल्याच प्रश्नाचे उत्तर 'नाही' येत होते. सुई टोचली की भोक पडले, ते परत बुजत नाही. मी सुई ठेवून दिली. लेबनीज म्हाताऱ्याने टपाचे आणि कुशनचे काम करणाऱ्या एका बाईंचा पत्ता दिला. त्यांनी दोन तासांत शिवण घातली आणि २४० डॉलर घेतले. मी शेजारी उभा राहून बघत होतो. दापोडीला मला कधी बघू दिले नव्हते, तसे.

अर्ध्यावर थांबण्याची मला थोडी लाज वाटली, हे कबूल करतो. पण तिथे हातातली सुई खाली ठेवणे हाही कामाचाच भाग होता, असे आता वाटते. आमच्याकडे सर्जन मंडळी कधीकधी पोट उघडतात, आत बघतात आणि काही न करता पुन्हा शिवतात. त्या निर्णयाला हत्यार चालवण्याइतकेच शहाणपण लागते.

मंडळी, आपल्यापैकी बरेच जण आपापल्या क्षेत्रांतले जाणते आहोत, आणि परदेशात राहिल्यामुळे घरातली गळकी तोटी, पत्र्याची पन्हळ, कराचे कागद, सगळे स्वतः करायची सवयही आपल्याला लागली आहे. ती सवय चांगली आहे, ती सोडू नये. फक्त पाना उचलण्याआधी ते तीन प्रश्न एकदा विचारावेत, आणि दुसऱ्याचे उत्तर देताना आजूबाजूला कोण उभे आहे ते बघावे. आणि कोणी आपल्याकडे वही घेऊन आला, तर ती उघडावी.

ते गृहस्थ ऑक्टोबरमध्ये तपासणीला आले. मी आधी माफी मागितली आणि मग विचारले, "तुमची वही आणलीत का?" ते म्हणाले, "बंद केली." मी म्हणालो, "पुन्हा सुरू कराल का? मला तिची गरज आहे." त्यांनी उत्तर दिले नाही. जानेवारीत आले तेव्हा कोटाच्या खिशातून त्यांनी ती काढली आणि टेबलावर ठेवली.

गाडी सध्या चालते आहे. टपही उघडतो. तुंबणाऱ्या त्या दोन नळ्या मी दर वसंतात आणि पानगळीनंतर स्वतः साफ करतो. हात धुतल्यावर नखांत बारीक काळी रेघ राहते. सौ.ला ती आवडत नाही. मी ती दुसऱ्या दिवशीपर्यंत तशीच राहू देतो.

गणपती बाप्पा मोरया!